ताबा सुटण्याआधी

(विशेष कामाची वाहने चालवणाऱ्यांच्या सुरक्षिततेवरील पुस्तकाची प्रस्तावना)

‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.’ मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असते. ते पंचनाम्यातून बातमीत येते, बातमीतून चहाच्या टपरीवर जाते आणि तिथे विषय संपतो. वाक्य खोटे नसते, ताबा सुटलेलाच असतो. पण त्याआधी चालक किती तास जागा होता, त्याला समोरचे काय दिसत होते आणि काय दिसूच शकत नव्हते, मागे भरलेला माल वळणावर कसा वागतो हे त्याला कुणी सांगितले होते का, खेपेचे पैसे कसे ठरले होते, यांतले काहीच त्या वाक्यात येत नाही. हे पुस्तक नेमके या सुटून गेलेल्या गोष्टींविषयी आहे, म्हणून त्याची प्रस्तावना लिहायला मी मनापासून होकार दिला.

रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दुधाचे, पाण्याचे आणि रसायनांचे टँकर, काँक्रीटचे मिक्सर, कचऱ्याचे कॉम्पॅक्टर अशी वाहने लेखकाने अभ्यासाला घेतली आहेत. ती आपल्याच रस्त्यांवरून जातात, पण त्यांची लांबी, वजन, वेग आणि काम यांतले काहीच मोटारीसारखे नसते. चालवणारा माणूस मात्र चारचौघांसारखाच असतो. अंधारात त्याच्या डोळ्यांना आपल्याइतकेच दिसते आणि पहाटे तीनला त्याला आपल्याइतकीच झोप येते. मोटारीत ज्या चुकीने बंपरला पोचा पडतो, त्याच चुकीने इथे कुटुंबे उद्ध्वस्त होतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात या मृत्यूंची कारणे मांडलेली असतात आणि अतिवेग त्यांत दरवर्षी सर्वांत वर असतो. चालक किती वेळ झोपला होता, याचा रकाना त्या तक्त्यांत नसतो.

माणसाच्या मर्यादा गृहीत धरून यंत्र आणि काम यांची आखणी करायची, या विचाराला मानवी घटकांचे शास्त्र म्हणतात. त्याची सुरुवात रस्त्यावर झाली नाही, विमानात झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर अचानक पोटावर बसत. वैमानिक पंखांवरचे फ्लॅप मिटवायला जाई आणि चुकून चाके आत ओढून घेई. चौकशीत नोंद व्हायची ती वैमानिकाच्या चुकीची. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि दिसायला सारखे असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक बसवले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. हाताला फरक कळू लागला आणि त्या चुका थांबल्या.

असाच एक सापळा आपल्या गावागावांत आहे. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळी ब्रेक-पेडल असतात. रस्त्यावर येताना ती एका खिटीने जोडायची असतात. ती जोडायची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो आणि उलटतो. दिवसभर शेतात खिटी काढून काम केलेला दमलेला माणूस संध्याकाळी रस्त्यावर येताना ती विसरणार, हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ओळखायला हवे. खिटी उघडी असताना ट्रॅक्टर रस्त्याच्या वेगाला पोचला, की समोर दिवा लागावा आणि भोंगा वाजावा, एवढी सोय फार महाग नाही.

या पुस्तकातले सर्वांत मोठे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे प्रकरण ऊस वाहतुकीवर आहे. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतले रस्ते त्या काळात उसाचे होतात. टोळी दिवसभर तोडते, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रॉली भरते, आणि दोन ट्रॉल्या भरेपर्यंत दिवस कलतो. म्हणजे रस्त्यावरचे सर्वांत संथ आणि सर्वांत लांब वाहन नेमके सर्वांत कमी दिसण्याच्या वेळी फडातून बाहेर पडते. पुढे कारखान्यावर नंबर लावायचा, वजनकाट्याची वाट पाहायची. गर्दी असली की अख्खी रात्र तिथेच जाते. चालक सीटवर, नाहीतर ट्रॉलीखाली पोते पसरून तुकड्यातुकड्यांत झोपतो. पुढची गाडी सरकली की उठून आपली सरकवायची. ट्रॉली रिकामी झाली की पुन्हा फड. पैसे टनावर मिळतात, म्हणून मोळ्या चढत जातात आणि झोप मागे पडते.

अशा ट्रॉलीला मागून येणारी मोटार धडकली, की लोक म्हणतात, ‘एवढी डोंगराएवढी ट्रॉली दिसली कशी नाही?’ लेखकाने या प्रश्नाचे उत्तर फार काळजीपूर्वक दिले आहे. ताशी ८० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरचे काही पाहून, समजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद जातात, असे भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात धरलेले आहे आणि या वेगाला गाडी थांबवण्यासाठी १२० मीटरपर्यंतचे दिसायला हवे, असे ते मानक सांगते. डिपरवर टाकलेल्या दिव्याचा उजेड त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच धड पोचतो. मागे दिवा नसलेली ट्रॉली त्या उजेडात शिरेपर्यंत थांबण्यापुरता रस्ताच उरलेला नसतो. समोरून कुणी अपर मारला, की पुढचे काही क्षण डोळ्यांपुढे नुसता अंधार.

चालत्या ट्रॉलीची गोष्ट आणखी फसवी आहे. ती ताशी वीसच्या वेगाने चालली असेल आणि मागची मोटार ऐंशीने येत असेल, तर शंभर मीटरचे अंतर सहा सेकंदांत संपते. पण मागून पाहणाऱ्या डोळ्याला समोरची वस्तू जवळ येण्याचा वेग कळतो, तो तिचा आकार वाढत जाण्यावरून. दूर असताना ही वाढ इतकी सावकाश होते की मेंदू तिची दखल घेत नाही. महामार्गावर पुढचे वाहनही आपल्यासारखेच धावत असणार, असे तो गृहीत धरतो. अंतर झपाट्याने कमी होत आहे हे लक्षात येते, तेव्हा दोन-तीन सेकंद हातात असतात. इथे डोळ्यांच्या तपासणीचा काही उपयोग नाही. सगळ्यांचे डोळे असेच असतात.

म्हणून ट्रॉलीला दिसते करणे, हा पहिला उपाय. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, त्या परावर्तक पट्ट्यांचा उपयोग मोजलेला आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रेलरवर त्या सक्तीच्या झाल्या. २००१ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने हिशेब मांडला, तेव्हा अंधारात ट्रेलरवर बाजूने किंवा मागून आदळण्याचे प्रमाण २९ टक्क्यांनी घटलेले दिसले. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०४ परावर्तकांविषयी आहे आणि हंगामाच्या तोंडावर परिवहन कार्यालये आणि कारखाने मिळून पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. पण फडातून चारदोन खेपा झाल्या की पट्टीवर चिखल बसतो, बाहेर आलेल्या उसाने ती झाकली जाते, मागच्या दिव्याची वायर बांधावर अडकून तुटते. नियम पाळला गेलेला असतो आणि ट्रॉली पुन्हा अंधारात असते.

यावर लेखकाने सुचवलेला उपाय मला पुस्तकभर सर्वांत जास्त पटला. प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर दोनदा थांबते, भरलेली असताना आणि रिकामी झाल्यावर. रिकाम्या वजनाच्या वेळी मागचा पट्टा पुसलेला आहे का, दिवा लागतो का, भरलेल्या उसावर बांधायचे परावर्तक कापड सोबत आहे का, हे काट्यावरच्या माणसाने पाहावे आणि त्याशिवाय पावती देऊ नये. यासाठी नवे खाते लागत नाही, नवे पोलीस लागत नाहीत. काटा आहे, माणूस आहे, थांबा आहे. कारखान्यांनी मनावर घेतले तर हे येत्या हंगामात होऊ शकते.

याच प्रकरणात ट्रॅक्टरवरच्या कर्णकर्कश गाण्यांचा विषय येतो. त्यावर चिडणे सोपे आहे आणि मीही चिडत आलो आहे. लेखक मात्र चालकांशी बोलला आहे. उघड्या ट्रॅक्टरवर, थंडीत, इंजिनाच्या एकसुरी आवाजात झापड येते आणि ती उडवायला गाणी लावतात, हे त्यांनी त्याला सांगितले. उपाय चुकीचा आहे, कारण त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि भरलेल्या ट्रॉलीमुळे आरशात मागचे काही दिसतही नाही. पण दुखणे खरे आहे, आणि ते झोपेचे आहे.

झोपेविषयी एक आकडा प्रत्येक मालकाने, मुकादमाने आणि आगारप्रमुखाने लक्षात ठेवावा. ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १७ तास जाग्या असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावलेली आढळली, आणि २४ तासांच्या जागरणानंतर ०.१० टक्के मद्य असल्याइतकी. भारतात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहा वाजता स्टीअरिंगवर असतो, तेव्हा एक थेंबही न घेता तो या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला अडवायला नाका नाही, फुंकायला नळी नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. हे तास उसाच्या ट्रॅक्टरवर मोजतो कोण? चहा, तंबाखू, तोंडावर पाणी यांनी झोप पुढे ढकलली जाते, भरून निघत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे झोपणे हाच त्या क्षणी खरा इलाज आहे. तशी जागा आणि तशी मुभा चालकाला असली पाहिजे.

रुग्णवाहिकेचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिकांनिशी. दुर्गम तालुक्यांत तिने वाचवलेले जीव हजारो घरांना ठाऊक आहेत. तिच्या चालकाला ‘पायलट’ म्हणतात. पण खऱ्या पायलटला जी एक सवलत मिळते, ती आपल्या पायलटला नाही. अनेक देशांतल्या हवाई रुग्णवाहिकांमध्ये वैमानिकाला रुग्ण कोण आहे, किती वयाचा, किती अत्यवस्थ, हे मुद्दाम सांगत नाहीत. हवामान पाहून उड्डाण करायचे की नाही, हे त्याने थंड डोक्याने ठरवावे म्हणून. मागे लहान मूल तडफडत आहे हे कळले, की माणूस ढगांचा अंदाज वेगळा करू लागतो. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा नातेवाईक शेजारच्या सीटवर असतो. तो रडतो, हात जोडतो, ‘दामटा हो, दामटा’ म्हणतो. या अवस्थेत पाय अॅक्सिलरेटरवर हलका ठेवणे याला फार मोठे मनोबल लागते. नातेवाइकाने मागे बसावे आणि पुढच्या कक्षात चालकाशी कुणी बोलू नये, एवढा साधा शिरस्ता पडला तरी पुष्कळ साधेल.

सायरनमुळे वाचणारा वेळ किती, हे अमेरिकेत अनेकदा मोजले गेले आहे. तो बहुतेक वेळा मोजक्या मिनिटांचा असतो. हृदय बंद पडले असेल तर ती मिनिटे अमूल्य आहेत. पण एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात हलवल्या जाणाऱ्या स्थिर रुग्णासाठी सिग्नल तोडून जाणे त्या रुग्णालाच धोक्याचे असते. वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या विनियमांनी आपत्कालीन वाहनाला लाल दिवा ओलांडण्याची मुभा दिली आहे, पण वेग कमी करून, सावधपणे. अपघात होतात ते चौकातच. काचा बंद करून एसी लावलेल्या मोटारीत सायरन उशिरा ऐकू येतो, आणि ऐकू आला तरी कुठल्या बाजूने येतो आहे हे कळत नाही. मानवी कानाला नुसत्या स्वरांची दिशा ओळखणे अवघड जाते. अनेक वारंवारता मिसळलेला खरखरीत आवाज कुठून आला हे मात्र त्याला चटकन कळते. लीड्स विद्यापीठात यावर काम झाले आणि त्यातून दिशा कळणारे सायरन तयार झाले. चौकात सायरन ऐकून सगळी वाहने गोंधळून जागीच थांबतात, तेव्हा आपण लोकांच्या बेपर्वाईला दोष देतो. पुष्कळदा ते बिचारे खरोखरच दिशा शोधत असतात. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड ठेवला आहे आणि तो योग्यच आहे. वाट कुठून द्यायची हे कळण्याची सोय करणे हेही तितकेच योग्य ठरेल.

वाहनाच्या मागच्या भागाकडे तर कुणी पाहतच नाही. चालक पट्टा बांधून बसतो आणि मागे डॉक्टर किंवा परिचारिका धावत्या गाडीत उभ्याने, एका हाताने आधार धरून रुग्णाची छाती दाबत असतात. अचानक ब्रेक लागला तर सर्वांत आधी त्या फेकल्या जातात. रुग्णवाहिकांच्या बांधणीसाठी आपल्याकडे एआयएस-१२५ हे मानक आहे. त्याच्याबरोबर, बसल्या जागेवरून पट्टा न सोडता हाताला येतील अशी औषधे आणि उपकरणे मांडण्याचा विचार प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवा. लेखकाने यावर दोनच पाने लिहिली आहेत. पुढच्या आवृत्तीत ती वीस व्हावीत.

काँक्रीटच्या मिक्सरकडे येऊ. तयार काँक्रीट साधारण दोन तासांत जागेवर ओतावे लागते, नाहीतर ते बाद होते. त्यामुळे प्लँटमधून बाहेर पडताच चालकामागे घड्याळ लागते आणि रस्ता असतो पुण्याच्या आयटी पट्ट्यातला, दुचाकींनी खच्चून भरलेला. केबिन उंच, चालक उजवीकडे. डाव्या बाजूला, दरवाजाच्या अगदी खाली उभी असलेली दुचाकी त्याला काचेतून दिसतच नाही. सिग्नल सुटला, मिक्सर डावीकडे वळला, की ती मागच्या चाकाखाली येते. लंडनमध्येही वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि तिथे याच पद्धतीने सायकलस्वार मरत होते. लीड्सच्या संशोधकांनी मोजले, तेव्हा आरशातून पाहणाऱ्या चालकाची प्रतिक्रिया थेट काचेतून पाहणाऱ्यापेक्षा ०.७ सेकंदाने उशिरा येते असे दिसले. मग लफबरो विद्यापीठाच्या मदतीने लंडनने ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसते यावर तारे द्यायला सुरुवात केली. मार्च २०२१ पासून बारा टनांवरच्या ट्रकना त्यानुसार परवाना लागू झाला आणि ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे, किंवा त्याच्या तोडीची सुरक्षा-साधने आवश्यक झाली. आपल्या महापालिकांना यातून बरेच घेता येईल. मिक्सरला दिवसाच्या वेळा ठरवून देण्याचे आदेश निघतात, पण दारात खालपर्यंत काच असलेली केबिन कुणी मागत नाही.

टँकरचे दुखणे पोटातल्या पाण्याचे. भरलेली घागर डोक्यावर स्थिर राहते, अर्धी हिंदकळते. टँकरचेही तेच. अर्धा भरलेला टँकर वळणावर चालकाने स्टीअरिंग सरळ केल्यानंतरही आतून ढकलत राहतो. ब्रेक लावला की तेच पाणी पुढे-मागे हिंदकळते. इंधनाच्या टाकीत आडवे पडदे असतात, ते हा पुढचा-मागचा हेलकावा मोडतात. दुधाच्या टाक्या आतून धुवाव्या लागतात, म्हणून त्या बहुधा गुळगुळीत आणि बिनपडद्याच्या असतात. वाटेत एका केंद्रावर निम्मे दूध उतरवून पुढे निघालेला चालक आता वेगळेच वाहन चालवत असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते. धोकादायक माल नेणाऱ्या चालकांसाठी केंद्रीय नियमांतला नियम ९ वेगळे प्रशिक्षण सक्तीचे करतो. पाणी आणि दूध त्या यादीत नाहीत. उलटताना मात्र ती रसायनाइतकीच जड असतात.

उताराबद्दल सांगायलाच हवे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. अशा उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय जुनी आहे. गिअर काढला की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरची पकड जाते आणि पेडल दाबूनही काही होत नाही. इंजिन बंद केले असेल तर हवेच्या ब्रेकला नवी हवाही मिळत नाही. ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचे, हे जुने चालक नव्यांना शिकवत आले आहेत. पण खेपेचे डिझेल ठरवून द्यायचे आणि वाचले तर ते तुझे, असा सौदा जिथे असतो, तिथे ही शिकवण मालकानेच पुसून टाकलेली असते. मला वाटते, अशा अपघातानंतर त्या सौद्याचाही पंचनामा व्हावा.

अग्निशामक बंबांच्या लाल रंगावर लेखकाने एक छोटे टिपण दिले आहे, तेही वाचण्यासारखे आहे. तिन्हीसांजेला लाल रंग डोळ्याला काळपट दिसू लागतो आणि पिवळट हिरवा उठून दिसतो. डॅलस शहरातल्या बंबांवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंबूपिवळ्या बंबांचे अपघात लाल बंबांपेक्षा बरेच कमी आढळले होते. लाल रंगाशी आपली भावना जोडलेली आहे, ती मोडायची गरज नाही. बंबाच्या अंगावर पिवळे परावर्तक पट्टे वाढवता येतील.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे आणि तो नोंदवणे माझे कर्तव्य आहे. शेवटच्या भागात तो चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणाऱ्या, डुलकी लागली की किंचाळणाऱ्या कॅमेऱ्यांवर फार भिस्त ठेवतो. ते उपयोगाचे आहेत. पण बारा तासांची पाळी तशीच ठेवून केबिनमध्ये कॅमेरा लावला, तर तो चालकाला जागे ठेवणार नाही, त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करील. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन यांनी आयुष्यभर हे सांगितले की लोकांना उपदेश करून रस्ते सुरक्षित होत नाहीत, माणूस चुकणार हे धरून वाहने आणि रस्ते घडवावे लागतात. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती पोलादी चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे झपाट्याने कमी झाले. स्वीडिश शेतकरी त्या वर्षी अचानक सावध झाला नव्हता. ट्रॅक्टर उलटतच राहिले, माणसे वाचू लागली.

परवान्याचाही विचार आता करावा लागेल. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केले. लाखो चालकांच्या पोटाचा प्रश्न त्याने सुटला आणि ते चांगलेच झाले. पण परवाना वाहनाचे वजन सांगतो, कामाचे स्वरूप सांगत नाही. रुग्णवाहिका, दुधाचा टँकर आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर यांसाठी चार दिवसांचे, पगारी, प्रत्यक्ष वाहनावरचे शिक्षण सुरू व्हायला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे पुस्तक अभियंत्यांना समजेल आणि चालकांनाही वाचता येईल अशा भाषेत लिहिले आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. चालकांनी ते वाचावेच, पण त्याआधी वाचावे ते पाळ्या लावणाऱ्यांनी, खेपेचे दर ठरवणाऱ्यांनी, वाहनांच्या निविदा काढणाऱ्यांनी आणि पंचनामे लिहिणाऱ्यांनी. साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी आग्रहाची विनंती आहे. येत्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी आपल्या वाहतूकदारांना आणि चालकांना एक दिवस एकत्र बोलवा, त्या दिवसाची मजुरी द्या, वजनकाट्यावरच्या तपासणीची पद्धत तिथेच ठरवा, आणि यार्डात चालकांना आडवे होता येईल अशी एक छपराची, शांत, अंधारी खोली बांधा.